आत्याला दिलेली घोंगडी

ज्याची पोरं त्यानंच विचारायचं, असं आबासाहेबांनी ठरवलं तेव्हा ते सगळ्यांनाच पटलं होतं.

आबासाहेब संस्थेचे प्रमुख. सोलापुरातल्या शाळांत आणि वसतिगृहांत जायचं, नववी-दहावीच्या मुलांशी बोलायचं, आणि कुणाच्या मनात जीव द्यायचं येत असेल तर ते वेळेत हेरायचं, हे संस्थेचं काम. गेल्या वर्षी एक मुलगा हातचा गेला होता. त्याला प्रश्न विचारून झाले होते, त्यानं सगळ्याला मान हलवून 'नाही' म्हटलं होतं, आणि पुढं कुणी खोदून विचारलं नव्हतं. नंतर त्याची आई संस्थेच्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मी रोज विचारायचे, जेवलास का. तुम्ही काय विचारलं हो त्याला?"

त्या दिवसापासून सुकन्याला एक खोडच लागली. तिचा रेवण तेव्हा पाळण्यातला. तो झोपला की ती वाकून त्याची छाती खालीवर होते का ते बघायची. कुमार, तिचा नवरा, हसायचा. "अगं, झोपलाय तो. झोपलेल्या पोराला बघून बघून उठवशील." ती पण हसायची. आणि पुन्हा बघायची.

यंदा मग नवी रीत. आपल्या माणसापाशी, आपल्या बोलीत मूल मोकळं होतं, असं आबासाहेबांचं म्हणणं. विणकरांच्या घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुली सोनालीकडं. अक्कलकोटकडच्या कानडी मुली तिकडच्याच एका मॅडमकडं. आणि सांगोला-मंगळवेढ्याकडच्या धनगरांच्या मुली सुकन्याकडं, कारण सुकन्या त्यांच्यातलीच.

"म्हणजे सूत आमच्याकडं आणि मेंढरं हिच्याकडं," सोनाली चष्मा पुसत म्हणाली. "आणि सर, तुम्ही कुणाकडं?"

"मी चहाकडं," आबासाहेब म्हणाले, आणि बैठक हसत उठली.

सुकन्याला तर ही रीत मनापासून आवडली. तिच्या लहानपणी तिला कुणी तिच्या बोलीत काही विचारलंच नव्हतं. 'आहे'ला 'हाय' म्हटलं की वर्ग हसायचा. वाडीची पोर म्हणून मागच्या बाकावर बसवायचे. आता ती स्वतः खुर्चीवर बसणार होती आणि समोरच्या पोरीला म्हणणार होती, बोल गं बाई, जसं येतंय तसं बोल.

होटगी रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या मुलींच्या वसतिगृहात प्रियंका तिच्यासमोर आली ती वेणीचं टोक दातात धरून. दहावीतली पोर, बांध्यानं बारीक, डोळे मोठे. सुकन्यानं प्रश्नांचं कार्ड बाजूला ठेवलं आणि आपल्याकडं जसं विचारतात तसंच आधी विचारलं.

"कुणाच्यातली गं तू?"

पोरीचा चेहरा उजळला. "धुळा मेंढक्याची. महूदच्या पलीकडं आमची वस्ती."

"धुळा? म्हंजी तात्याचा पुतण्या धुळा? उजवा कान फाटलाय त्यो?"

"व्हय! कुत्र्यानं फाडलाय."

"अगं मग त्यो माझा भाऊ लागतो की! लांबचा का हुईना, भावकीतलाच. मी तुझी आत्या झाले."

"आत्या?" पोरगी वेणी सोडून हसली. "तुमी आमच्या आत्या?"

मग काय, कुणाला कुठं दिलं, कुणाची मेंढरं यंदा कुठं बसलीत, सगळं निघालं. धुळा मेंढरं घेऊन लांब गेला होता, आई त्याच्याबरोबर, थोरल्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. बोलता बोलता सुकन्यानं कार्ड उचललं. विचारलं, "पिऊ, गेल्या काही दिवसांत आपण मेलेलं बरं असं कधी वाटलं का?"

"न्हाय, आत्या."

"आपण नसलो तर घरच्यांचं बरं चालंल, असं?"

"न्हाय."

"जीव द्यायचं मनात आलं का कधी?"

"न्हाय बा."

"आधी कधी तसं काय करून बघितलंस?"

"न्हाय, आत्या." पोरगी हसतच होती. "तुमास्नी बाळ हाय का?"

सुकन्यानं तिला फोनमधला रेवण दाखवला. आणि प्रियंकाच्या नावापुढं 'धोका नाही' अशी खूण केली. खूण करताना तिला बरं वाटलं, आपल्या घरचं कुणी सुखरूप आहे असं कळल्यावर वाटतं तसं.

काम संपवून ती निघाली तेव्हा प्रियंका फाटकापर्यंत पळत आली. हातात घडी घातलेली काळी घोंगडी. "आत्या, ही तुमाला. बाळाच्या अंगाखाली टाका. आज्याची हाय माझ्या, लई ऊबदार."

"अगं, आणि तू काय पांघरशील?"

"मला काय करायचीय? हितं हाय की ब्लँकेट."

मागं उभ्या असलेल्या रेक्टरबाई कौतुकानं म्हणाल्या, "फार दानशूर आहे हो तुमची भाची. काल कंपासपेटी एकीला दिली, बांगड्या दुसरीला, स्वेटर तिसरीला. मी विचारलं तर म्हणते, ओझं कशाला."

सुकन्या हसली. "आमच्यात असंच असतं, मॅडम. मेंढरांचा तळ हलवायचा म्हटलं की नको ते वाटून टाकायचं. रक्तातच आहे."

ती घोंगडी छातीशी धरून रिक्षात बसली. चिंचोक्याच्या खळीचा आणि लोकरीचा वास. माहेरचा वास. सगळ्या रस्त्यानं तिला भरून आलेलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. पाळणाघरातून रेवणला घेऊन ती जुळे सोलापुरातल्या आपल्या दोन खोल्यांत आली. भाताला कुकर लावला, फरशीवर घोंगडी अंथरली आणि पोराला वर सोडलं. रेवणला ते खरखरीत अंथरूण नवं होतं. तो तळहात घासून बघायचा, थांबायचा, आईकडं बघून हसायचा, पुन्हा घासायचा. सुकन्या मांडी घालून त्याच्यासमोर बसली. खिडकीतून ऊन घोंगडीवर पडलेलं. पोरानं एक कोपरा उचलून तोंडात घातला.

"छी छी, घाण ती," म्हणत तिनं तो ओढला. कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका होता. घोंगडी कुणाची ते ओळखू यावं म्हणून घालतात तसा.

तसलाच टाका तिच्या आज्याच्या घोंगडीला होता.

आजा असेपर्यंत त्याची घोंगडी कुणी उचलली नव्हती. पावसात, थंडीत, बाजारात, देवाला, ती त्याच्या खांद्यावरच असायची. पोरांनी ओढली तर काठी उगारायचा. मग एका सकाळी तो अंगणात आला, अजून चालता-बोलता होता, दूधभाकर खाऊन आला होता. घोंगडी खांद्यावरून काढली आणि न बोलता सुकन्याच्या बापाच्या खांद्यावर टाकली. लहानग्या सुकन्याला वाटलं, आज्याला उकडतंय. पण चुलीपुढच्या बायांनी एकदम तोंडाला पदर लावले. बाप तिथंच मटकन खाली बसला. आज्यानं आपलं जाणं ठरवलं होतं आणि सगळ्या घराला ते कळलं होतं.

घोंगडी माणूस आपल्या हातानं देतो तो एकदाच. देतो तो आपल्या माणसालाच.

कुकरची शिट्टी झाली. सुकन्याला ती ऐकू आली नाही. काल फाटकात, दिवसाढवळ्या, त्या पोरीनं तिला सगळं सांगितलं होतं. चार वेळा 'न्हाय' म्हणून झाल्यावर घोंगडी हातात देऊन सांगितलं होतं. सोनालीला ते कळलं नसतं तर चाललं असतं. आबासाहेबांना कळलं नसतं तर चाललं असतं. तिला कळायला हवं होतं. आणि ती म्हणाली होती, आमच्यात असंच असतं.

तिनं रेक्टरबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"हां, बोला ताई. जेवणाची पंगत चाललीय ना, आवाज येत नाही."

"प्रियंका कुठाय? मला आत्ता सांगा, ती दिसतेय का तुम्हाला?"

"असेल की इथंच. अगं, प्रियंका कुठंय? ... ताई, पोरी म्हणतायत ती जेवायला आली नाही. पोट दुखतंय म्हणाली."

"तिला शोधा. एकटी ठेवू नका. मी येतेय."

"पण ताई, तुम्हीच तर लिहून दिलंय—"

"मी चुकीचं लिहून दिलंय! पळा!"

गॅस बंद केला. रेवणला काखेत मारलं, घोंगडी ओढून घेतली आणि ती अनवाणीच जिना उतरली. चप्पल घालायला परत वळली नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षात बसतानाच तिनं सोनालीला फोन केला, काय बोलली ते तिचं तिलाच समजलं नाही. सोनाली एवढंच म्हणाली, "निघाले."

आसरा पुलाच्या तोंडाशी उसाचे ट्रॅक्टर अडकले होते. एकामागं एक, वर ऊस डोंगराएवढा, आणि पुढच्या ट्रॅक्टरवर कसलंतरी लग्नातलं गाणं ठणाणा वाजत होतं. रेवण आईच्या धडधडत्या छातीला घाबरून रडायला लागला.

"बच्चा बिमार है क्या, अम्मा?" रिक्षावाल्या म्हाताऱ्यानं आरशातून विचारलं.

"नाही मामू. दुसऱ्याचं पोर आहे. तिकडं आहे. लवकर घ्या."

म्हाताऱ्यानं तिच्या अनवाणी पायांकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि रिक्षा उलट्या बाजूनं घातली. समोरून शिव्या आल्या. "देओ गाली, देओ," म्हातारा पुटपुटला. "बादमें गिनेंगे."

सुकन्या मनातल्या मनात त्या हसऱ्या पोरीला धरून ठेवत होती. थांब गं. घोंगडीचा माणूस येतोय. थांब.

वसतिगृहाच्या मागच्या अंगाला पोरींच्या ट्रंका ठेवायची खोली होती. तिच्या बंद दारापुढं सगळे जमले होते. रेक्टरबाई पांढऱ्याफटक पडलेल्या. राखणदार मडिवाळप्पा हातात पहार घेऊन उभा. स्वयंपाकीण शरणम्मा पोरींना मागं रेटत होती. तिनं न विचारता सुकन्याच्या काखेतून रेवणला उचललं आणि छातीशी घेऊन अंगणात गेली.

"आतनं कडी आहे," मडिवाळप्पा हलक्या आवाजात म्हणाला. "झरोक्यातनं बघितलं मी, पिंपावर चढून. ट्रंकेवर बसलीय. पाठ हिकडं. हात दिसत नाहीत. फोडू का?"

हात दिसत नाहीत. पहारीच्या पहिल्या दणक्याला दार पडलं नाही तर? दणका ऐकून आत ते हात काय करतील?

"थांबा," ती म्हणाली. "झरोक्यावरून नजर हलवू नका कुणी. मी बोलते. तिचा आवाज थांबला की फोडायचं, मला विचारायचं नाही."

ती दाराला टेकून जमिनीवर बसली.

"पिऊ. मी हाय."

आतून अगदी रोजच्या आवाजात, "आत्या, कशाला आला तुमी? जावा. मी कापडं घड्या घालतीया."

"घाल की. मी बसते हितं." तिनं घोंगडी मांडीवर घेतली. "घोंगडी परत आणलीय तुझी."

"बाळाला टोचली व्हय?"

"त्याला न्हाय टोचली. मला टोचली."

आत शांतता. मडिवाळप्पानं पहार उचलली. सुकन्यानं हात वर करून त्याला थोपवलं आणि पुढचं शब्द न शोधता विचारलं.

"पिऊ, तू जीव द्यायला बसलीयास का?"

अंगणात रेवण रडत होता, शरणम्मा त्याला कानडीत काहीबाही सांगत होती.

"तुमाला न्हाय सांगायचं," प्रियंका म्हणाली.

'नाही' म्हणाली नाही ती. सुकन्यानं डोळे मिटले. खरं उत्तर आलं होतं.

"का गं? मी तर तुझी आत्या."

"म्हणूनच न्हाय सांगायचं!" पहिल्यांदाच आवाज चिरकला. "तुमी कुणाच्यातली म्हणून इचारलं आन् मी बाचं नाव सांगून बसले. मग कसं सांगायचं? तुमच्या तोंडातनं तात्याच्या कानाव जाणार, तात्याच्या तोंडातनं बाच्या. बा मेंढरं टाकून पळत यील. तायचं लगीन मोडंल. आधी तुमी निसत्या ताई होता, तवा मी सांगणारच हुते."

सुकन्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जिनं मागच्या बाकावर बसून ठरवलं होतं, आपल्या पोरींना आपल्या बोलीत विचारायचं, तिनंच नातं सांगून पोरीचं तोंड बंद केलं होतं. प्रश्न विचारायच्या आधीच. रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "लई चुकलं. मला न्हाय सांगायचं तर नको सांगू. कुणाला सांगशील?"

"त्या चष्म्यावाल्या. काल पलीकडच्या टेबलावर तेलगू बोलत हुत्या त्या. त्यांना आमच्यातलं कुणी ठावं न्हाय."

"सोनाली? ती यायलीय. रस्त्यात हाय. ती येईस्तवर माझ्याशी बोलतीस? दुसरं कायबी."

"काय बोलू?"

"मेंढरांचं सांग. तुझ्या बाची पुढं चालणारी मेंढी कुठली?"

"...काजळी."

"काजळी. आन् तिचं कोकरू?"

"मेलं गेल्या वर्षी." थांबली. "दुसरं झालंय म्हणं. मी बघितलं न्हाय."

"कसलं झालंय?"

"ठावं न्हाय. आई फोनवर सांगत हुती. मी नीट ऐकलं न्हाय." मग खूप हळू, "मला काय ऐकूच वाटत न्हाय, आत्या. सकाळी उठल्याबरुबर छातीवर जातं ठेवल्यावानी वाटतं. पोरी हसल्या तरी वाटतं, मला बघूनच. झोप न्हाय. अभ्यास डोस्क्यात जाईना. बा सगळ्यांस्नी सांगतोय, माझी पोर दहावीला हाय म्हणून."

प्रत्येक उत्तरामागं सुकन्या पुढचा प्रश्न टाकत होती, विहिरीत पडलेल्याला दोर टाकावा तसा. उत्तर आलं की दोर ताणला जायचा. नाही आलं की तिचा श्वास अडकायचा. काजळीचा रंग. कुत्र्याचं नाव. कुत्र्यानं बाचा कान कसा फाडला. त्यावर आतून एक हुंदका आला, की हसू, कळलं नाही.

फाटकात स्कूटी आडवी पडल्याचा आवाज झाला. सोनाली हेल्मेटसकट पळत आली, सुकन्याकडं एकदाच बघितलं आणि दाराशी गुडघे टेकले.

"प्रियंका, मी सोनाली. हेल्मेट अडकलंय माझं, त्यामुळं आवाज डब्यातून आल्यासारखा येईल. मला तुमच्यातलं कुणी माहीत नाही. तुझ्या बापाचं नावसुद्धा सांगू नको मला. चालेल?"

सोनालीनं तळहात दाराला टेकवला.

"एक आधीच सांगते. सगळं गुपित ठेवीन असं वचन देत नाही. तुझा जीव राखायला कुणाला सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन, मग त्यांना. खोटं बोलणार नाही. उघडतेस?"

सुकन्या उठली आणि भिंतीला धरून मागं सरकली. दारापासून लांब. एवढं अवघड पाऊल तिनं आयुष्यात टाकलं नव्हतं.

कडी वाजली.

सोनाली आत गेली. दार थोडं उघडंच राहिलं. आतलं बोलणं कळत नव्हतं, फक्त एक खालचा आवाज आणि एक रडका आवाज. थोड्या वेळानं सोनालीनं ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी फटीतून बाहेर सरकवलं. मडिवाळप्पानं ते न बघता उचललं आणि लांब घेऊन गेला. रेक्टरबाईंनी तोंडाला पदर लावला.

दुपार कलल्यावर दोघी बाहेर आल्या. प्रियंकाचा चेहरा सुजलेला, काल हसत होता तो हाच का असं वाटावं असा. सोनालीनं तिचा हात घट्ट धरला होता.

"सिव्हिलला जातोय आम्ही," सोनाली म्हणाली. "मनाच्या डॉक्टरबाई थांबल्यात. तिच्या आईला फोन करायचाय. प्रियंका म्हणते आधी आईला, बाला नंतर. मी कबूल केलंय."

सुकन्यानं मान हलवली. काही बोलायचा अधिकार आपल्याला उरलाय का, हे तिला समजेना. पोरगी तिच्यासमोर थांबली. डोळे वर केले नाहीत. डिसेंबरातल्या उन्हातही तिचे दात वाजत होते.

"आत्या, ती घोंगडी बाळाला लागतीया का?"

"न्हाय गं."

"मग द्या की. लई गार वाजतंय."

सुकन्यानं घडी उलगडली आणि तिच्या खांद्यांवर टाकली. प्रियंकानं लाल टाक्याचा कोपरा स्वतःच मुठीत धरून गळ्याशी ओढला.

म्हातारा मामू फाटकातच थांबला होता. पोरगी आणि सोनाली मागं बसल्या. जाऊ का नको म्हणून सुकन्या घुटमळली, तेव्हा प्रियंका रस्त्याकडं बघत म्हणाली, "पुढं बसा तुमी. निसतं बसा."

रेवण शरणम्माच्या खांद्यावर झोपून गेला होता; तुम्ही जा, मी बघते, असं तिनं हातानंच खुणावलं. सुकन्या मामूच्या शेजारी अंग चोरून बसली. रिक्षा निघाली. भीती गेली नव्हती. आज रात्र होती, उद्याची सकाळ होती, ते छातीवरचं जातं एका दुपारी उतरणारं नव्हतं. ती मागं वळून बघणार नव्हती, तेवढा अधिकार तिनं आपणहून सोडला होता. पण समोर म्हाताऱ्याचा आरसा होता. त्यात काळी घोंगडी दिसत होती. झोपलेल्या रेवणवर वाकावं तशी सुकन्या श्वास धरून त्या आरशाकडं बघत राहिली.

घोंगडी खालीवर होत होती.